पहिल्या गोळीआधी त्वचेची तयारी

फुप्फुसाच्या कर्करोगावर टार्गेटेड थेरपीच्या गोळ्या सुरू करायचे ठरले, की मुंबईहून परतीच्या गाडीत बसण्यापूर्वीच त्वचेची तयारी करून घ्यावी. कारण जेफिटिनिब, एर्लोटिनिब यांसारख्या, ईजीएफआर हे पेशींना वाढीचा इशारा देणारे प्रथिन रोखणाऱ्या औषधांनी चेहरा, टाळू, छाती आणि पाठीवर येणारे पुरळ बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उठते, आणि तोवर रुग्ण देवगडला किंवा गुहागरला आपल्या घरी पोहोचलेला असतो. हे प्रथिन निरोगी त्वचेत आणि केसांच्या मुळांशीही असल्यामुळे तिथेही झळ बसते. घरातली वडीलधारी माणसे त्याला ‘उष्णता झाली’ म्हणतील आणि सब्जाचे पाणी देतील. ते खुशाल प्यावे, परंतु पुरळावर हळद, कडुलिंब, उटणे किंवा लिंबू लावू देऊ नये. मुरुमांची मलमेही वर्ज्य समजावीत, कारण हे मुरूम नव्हेत आणि ती मलमे त्वचा अधिकच कोरडी करतात.

डॉक्टरांना आधी हे विचारावे की पुरळ येण्याची वाट न पाहता उपचार सुरू करायचे का. पॅनिटुमुमॅब या त्याच गटातील औषधावरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम आणि दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक असे उपचार पुरळ येण्याआधीच सुरू करून सहा आठवडे दिले, तेव्हा मध्यम किंवा तीव्र त्रास २९ टक्के रुग्णांना झाला. पुरळ उठल्यावर उपचार केलेल्यांत तो ६२ टक्क्यांना झाला होता. डॉक्सिसायक्लिनची गोळी मात्र औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नये. लिहून दिली तर ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, दुधाबरोबर नव्हे, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, आणि तिच्यामुळे ऊन अधिक भाजते हे ध्यानात ठेवावे.

पिशवीत वास नसलेले दाट मॉइश्चरायझर, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, सौम्य साबण, पूर्ण बाह्यांचे सुती सदरे आणि रुंद काठाची टोपी असावी. कोकणच्या दमट हवेत अंग सदा चिकट असते, म्हणून मलमाची गरज नाही असे वाटते. ही समजूत चुकीची आहे, कारण घामाने ओली दिसणारी त्वचा आतून कोरडीच राहते. कोमट पाण्याने आंघोळ करून, अंग टिपून, ते किंचित ओले असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

घरातल्या कामांची वाटणीही आधीच बदलावी. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातील तेल निरोगी हातालाही भाजते, तेव्हा आंबे उतरवणे आणि बिया फोडणे दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. कोळंबी सोलणे आणि मासळी साफ करणे यांचेही तेच, कारण महिना-दोन महिन्यांनी नखांच्या कडा सुजून दुखू लागतात आणि बारीक काटा टोचला तरी तिथे पू होतो. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरू नये. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात.

सोराफेनिब किंवा रेगोराफेनिब (यकृतासारख्या इतर अवयवांच्या कर्करोगावरील टार्गेटेड गोळ्या) मिळणार असेल, तर जड भार पडणाऱ्या तळव्यांवर जाड, दुखरे घट्टे येतात. आधीचे घट्टे त्वचारोगतज्ज्ञांकडून काढून घ्यावेत, १० टक्के युरियाचे मलम आणि मऊ चपला आणून ठेवाव्यात.

शेवटी, दवाखान्याचा फोन क्रमांक कालनिर्णयाशेजारी भिंतीवर लावावा. पू, पिवळ्या खपल्या, ताप, फोड, सोलणारी कातडी, तोंडातले व्रण किंवा लाल दुखरे डोळे दिसले, तर त्याच दिवशी फोन करावा. रुग्णाच्या हाताचा बोटांसकट एक तळवा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. पुरळ किती तळव्यांएवढे पसरले, ते मोजून सांगावे आणि दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो पाठवावा. गोळी थांबवायची की मात्रा कमी करायची, हे तिकडून उत्तर आल्यावरच ठरवावे.