सूक्ष्म पतंगाची नवी प्रजाती मांडताना या चुका टाळा

सह्याद्रीत रात्री दिव्यामागच्या पांढऱ्या पडद्यावर पाच-सहा मिलिमीटरचे कितीतरी पतंग बसतात. यातला एखादा कुठल्याच फील्ड गाइडमध्ये सापडला नाही, म्हणून तो नवा ठरत नाही. एडवर्ड मेरिक या इंग्रज पतंगतज्ज्ञाने १४,००० हून अधिक प्रजातींची वर्णनं केली. त्यांत कारवार, कूर्ग, खासी टेकड्यांमधले पतंगही आहेत. ही वर्णनं पंख, डोकं, शृंगिका यांवर बेतलेली आहेत, जननांगांवर नाहीत. त्याच्या मूळ नमुन्यांचा मोठा साठा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. जवळच्या प्रजातींचे होलोटाइप (ज्यावर प्रजातीचं नाव टिकून असतं तो एकमेव मूळ नमुना) आणि त्यांच्या जननांगांच्या स्लाइड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्याच पतंगाला दुसरं नाव देण्याची चूक बहुतेक इथेच होते.

सर्वांत जास्त नमुने वाया जातात ते विच्छेदनात. आधी पंख पसरलेल्या नमुन्याचा फोटो घ्या, मगच जननांगं पाहण्यासाठी उदर वेगळं करा. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. घाई असेल तर परीक्षानळी गरम पाण्यात धरा, थेट ज्योतीवर नको. द्रावण उसळलं की उदरही बाहेर उडतं. कमी वेळ ठेवलं तर चरबी आणि खवले चिकटून राहतात. जास्त झालं तर मादीच्या अंगातल्या पातळ पिशव्या काचेसारख्या पारदर्शक होतात आणि चिमटा लागताच फाटतात. त्या दिसाव्यात म्हणून क्लोराझोल ब्लॅक या रंगद्रव्याने रंगवा. नराचा एडिएगस (शिश्नासारखा अवयव) बाहेर काढून वेगळा मांडा. कव्हरस्लिपखाली व्हाल्व्ह (नराच्या जननांगाच्या दोन बाजूंच्या पाकळ्या) दबून तिरपे होतात, म्हणून चित्रं आणि फोटो आधी ग्लिसरीनमध्येच उरका. यूपॅरलमध्ये (स्लाइड कायमची बसवण्याच्या राळेत) दुधाळ ढग आला, तर नमुन्यात पाणी राहिलंय असं समजा. परत अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये घाला. स्लाइडवरचा क्रमांक टाचणीवरच्या लेबलावरही हवाच.

डीएनएसाठी एक पाय पुरतो. पण ६५८ बेसच्या सीओआय बारकोडमधल्या (प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाच्या तुकड्यातल्या) फरकावरच नवी प्रजाती उभी करू नका. वोल्बाकिया जिवाणूमुळेही हा बारकोड फसवतो. बारकोडचा खरा उपयोग वेगळ्या दिसणाऱ्या नर-मादीची जोडी जुळवायला होतो. नाहीतर एकाच पतंगाच्या दोन प्रजाती होतात.

नाव देताना होलोटाइप म्हणून एकच नमुना ठरवा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते स्पष्ट लिहा; हे नसेल तर १९९९ नंतरचं नाव प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमात बसत नाही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या निबंधाची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी प्रकाशनाआधी झालेली असावी, आणि त्या नोंदणीचा पुरावा निबंधात छापलेला हवा. विशेषणरूपी नावाचा शेवट जीनसच्या (प्रजातीच्या वरच्या गटाच्या) नावाच्या व्याकरणातल्या लिंगाशी जुळवा. भारतातला नमुना असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना अधिकृत संग्रहालयाकडे द्यावा लागतो.