पीपीटीत आवाज आणि व्हिडिओ: सभागृहात अडू नये म्हणून

पीपीटीत व्हिडिओ टाकणं हे दोन मिनिटांचं काम. 'इन्सर्ट'वर जा, 'व्हिडिओ' निवडा, 'धिस डिव्हाइस' म्हणा, फाइल उचला, झालं. घरच्या लॅपटॉपवर तो चालतोही. मग शाळेच्या सभागृहात प्रोजेक्टर लागतो, पाहुणे स्थानापन्न होतात आणि पडद्यावर काळा चौकोन उमटतो. किंवा चित्र हलतं, पण आवाजाचा पत्ता नाही. दोष बहुतेक वेळा स्लाइडमध्ये नसतोच. फाइल भलत्या प्रकारची असते, नाहीतर आवाज भलत्या वाटेनं गेलेला असतो. म्हणून इथे 'इन्सर्ट'च्या आधीचं आणि नंतरचं काम जास्त सविस्तर सांगितलं आहे.

उदाहरणाला सातवी-आठवीच्या वर्गासाठीचं सादरीकरण घेऊ: सह्याद्रीतले पक्षी. त्यात पक्ष्यांचे फोटो, त्यांचे आवाज, मोबाइलवर काढलेला एखादा व्हिडिओ आणि सुरुवातीच्या स्लाइडांमागे हलकं संगीत. पायऱ्या विंडोजवरच्या अलीकडच्या पॉवरपॉइंटच्या आहेत.

आधी फाइल ताळ्यावर आणा

व्हिडिओसाठी एकच नियम पाळला तरी निम्मी डोकेदुखी जाते: एमपी४ फाइल, आत एच.२६४ प्रकारचं चित्र आणि एएसी प्रकारचा आवाज. 'एमपी४' हे फक्त डब्यावरचं नाव आहे, आतला जिन्नस वेगळाही असू शकतो. आयफोन बहुधा एचईव्हीसी प्रकारात चित्रण करतो. ते तुमच्या फोनवर सुरेख दिसतं, पण त्याचा कोडेक (म्हणजे तो प्रकार उलगडणारं सॉफ्टवेअर) नसलेल्या विंडोज संगणकावर नुसता आवाज येतो किंवा काहीच येत नाही. चित्रण अजून व्हायचं असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा', मग 'फॉरमॅट्स' उघडून 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यातही 'हाय एफिशियन्सी' नावाचा पर्याय असतो, तो बंद ठेवा.

चित्रण झालेलं असेल तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल त्यात ओढा, प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंग्जच्या यादीत, 'फास्ट ७२०पी३०' किंवा 'फास्ट १०८०पी३०' निवडा, 'फॉरमॅट'मध्ये एमपी४ आहे ना ते बघा आणि 'स्टार्ट एन्कोड' दाबा. कोणता प्रीसेट घ्यायचा हे पडद्यावर ठरतं. शाळांमधले जुने प्रोजेक्टर बऱ्याचदा १०२४ × ७६८ ठिपक्यांचे असतात, त्यांना ७२०पी पुरून उरतं. मोठा डिजिटल फळा असेल तर १०८०पी घ्या. फोर-के चित्रण जसंच्या तसं पीपीटीत कोंबण्यात काहीच हशील नाही. साधा लॅपटॉप अडखळतो आणि फाइल मात्र फुगते.

फुगते म्हणजे किती? सेकंदाला ५ मेगाबिट वेगाचा व्हिडिओ मिनिटाला साधारण ३७ एमबी घेतो, २.५ मेगाबिटचा त्याच्या निम्मे. म्हणजे ५ मेगाबिटच्या तीन मिनिटांच्या क्लिपनंच शंभरी ओलांडली. जीमेलची जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे, तेव्हा अशी पीपीटी ड्राइव्हच्या लिंकनं किंवा पेनड्राइव्हवरच न्यावी लागते.

आवाजाचं गणित सोपं आहे. १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला जेमतेम १ एमबी, तर सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही १० एमबीच्या आसपास. भाषणाला आणि पक्ष्यांच्या आवाजाला एमपी३ किंवा एम४ए चांगली.

व्हॉट्सॲपचे दोन सापळे लक्षात ठेवा. व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि मोठ्या पडद्यावर चौकड्या दिसतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. दुसरं म्हणजे व्हॉइस मेसेजची ओपस फाइल. ती पॉवरपॉइंटच्या पचनी पडत नाही. व्हीएलसी प्लेअर उघडा, कंट्रोल+आर दाबा, फाइल जोडा, 'कन्व्हर्ट'मध्ये एमपी३ निवडा आणि नवीन नावानं साठवा. विकिमीडिया कॉमन्सवरून उतरवलेल्या ऑग आवाजांनाही हाच उपाय. तिथले वेबएम व्हिडिओ मात्र हँडब्रेकमधून एमपी४ करून घ्या.

पक्ष्यांच्या आवाजांसाठी झेनो-कॅन्टो हे संकेतस्थळ आहे. कोकीळ, भारद्वाज, शीळकरी कस्तुर, सगळे सापडतात. ध्वनिमुद्रणं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांखाली (ठराविक अटींवर वापरायची मुभा देणाऱ्या) असतात, तेव्हा ज्यानं आवाज टिपला त्याचं नाव आणि त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक शेवटच्या स्लाइडवर लिहा. वर्गात शिकवताना ऐकवणं वेगळं आणि तेच सादरीकरण चित्रित करून यूट्यूबवर टाकणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत परवाना नीट वाचावाच लागतो.

वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या फाइलींचा आवाज कधीच सारखा नसतो. कोकीळ कुजबुजते आणि पुढच्याच क्लिकला भारद्वाज कानठळ्या बसवतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फाइल उघडून 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' हा इफेक्ट द्या. तिथे आपोआप −२३ आकडा असतो, तो सभागृहासाठी फार हळू पडतो. −१६ करा आणि सगळ्या फाइलींना तोच ठेवा. त्याच वेळी प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला एक सेकंदाची शांतता जोडा. ब्लूटूथ स्पीकर आणि काही एचडीएमआय उपकरणं शांत असताना झोपतात आणि जागी होईपर्यंत पहिला अर्धा-एक सेकंद गिळतात. दोन सेकंदांची शीळ असेल तर निम्मी शीळच गेली म्हणायची.

आता स्लाइडवर

फाइल निवडायच्या खिडकीत 'इन्सर्ट' बटणाला छोटा बाण असतो. त्यात 'लिंक टू फाइल' दिसतं. ते निवडलं तर व्हिडिओ पीपीटीच्या आत जात नाही, फक्त त्याचा पत्ता जातो. पीपीटी पेनड्राइव्हवर घेतली, व्हिडिओ घरी राहिला, की काळा चौकोन. पॉवरपॉइंट २०१० पासून व्हिडिओ आपोआप आतच भरला जातो, त्यामुळे साधं 'इन्सर्ट'च दाबा. फाइल पीपीटीएक्स प्रकारातच साठवा, ९७-२००३च्या जुन्या प्रकारात नको. लिंक राहिली आहे का याची शंका असेल तर 'फाइल', मग 'इन्फो' उघडा. तुटू शकणाऱ्या लिंक असतील तर तिथे सूचना दिसते.

व्हिडिओ निवडला की वर 'प्लेबॅक' टॅब येतो. 'स्टार्ट'मध्ये तीन पर्याय आहेत. 'ऑटोमॅटिकली' म्हणजे स्लाइड येताच सुरू. 'व्हेन क्लिक्ड ऑन' म्हणजे नेमका व्हिडिओवरच क्लिक केला तर. 'इन क्लिक सीक्वेन्स' म्हणजे रिमोटच्या किंवा स्पेसबारच्या पुढच्या दाबाला. हातात रिमोट घेऊन फिरणाऱ्यानं 'व्हेन क्लिक्ड ऑन' कधीही घेऊ नये. साध्या रिमोटला माउसचा बाण नसतो. बटण दाबलं की व्हिडिओ सोडून पुढची स्लाइड येते, आणि मग मागे-पुढे करण्यात वर्ग हसत बसतो.

व्हिडिओची पहिली चौकट अनेकदा काळीच असते. तो चालवून चांगल्या क्षणी थांबवा, 'व्हिडिओ फॉरमॅट'मध्ये 'पोस्टर फ्रेम', मग 'करंट फ्रेम' निवडा. नको असलेला भाग 'ट्रिम व्हिडिओ'नं कापा. पण कापलेला भाग लगेच जात नाही, तो फाइलीत लपून राहतो. मागे कुणाचं खासगी बोलणं आलं होतं म्हणून कापलं असेल तर हे लक्षात असू द्या. 'फाइल', 'इन्फो', 'कॉम्प्रेस मीडिया' चालवल्यावरच तो खरा गळतो आणि फाइलही हलकी होते. त्याआधी मूळ पीपीटीची एक प्रत बाजूला ठेवा, कारण दाबलेलं चित्र पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

फोटोवर क्लिक, पक्ष्याचा आवाज

मुलांना सगळ्यात आवडतो तो हा भाग, आणि बहुतेकांची इथेच गाडी अडते. एका स्लाइडवर तीन पक्ष्यांचे फोटो आहेत. ज्या फोटोवर क्लिक करू त्याचा आवाज यायला हवा.

प्रथम ऑल्ट+एफ१० दाबून 'सिलेक्शन पेन' उघडा. तिथे 'पिक्चर ४', 'पिक्चर ७' अशी नावं असतील. ती बदलून कोकीळ, भारद्वाज, कस्तुर अशी करा. हा कंटाळा केला तर पुढे कोणता फोटो कोणता तेच कळत नाही. मग 'इन्सर्ट', 'ऑडिओ', 'ऑडिओ ऑन माय पीसी' करून तिन्ही आवाज टाका आणि त्यांनाही 'कोकीळ आवाज' अशी नावं द्या. आता कोकिळेच्या आवाजाचं चिन्ह निवडा, 'ॲनिमेशन्स' टॅबवर 'प्ले' निवडा, 'ट्रिगर' उघडा, 'ऑन क्लिक ऑफ'मध्ये 'कोकीळ' निवडा. बाकी दोघांचं तसंच. 'ॲनिमेशन पेन' उघडून बघा: प्रत्येक आवाज आपापल्या ट्रिगरच्या नावाखाली दिसला पाहिजे. एखादा वरच्या साध्या यादीत राहिला असेल तर तो फोटोवर क्लिक न करताही पुढच्या दाबाला वाजेल.

चिन्हं दिसू नयेत म्हणून 'प्लेबॅक'मध्ये 'हाइड ड्युरिंग शो'वर खूण करा. ट्रिगर फोटोवर आहे म्हणून हे चालतं. चिन्हावरच क्लिक करून वाजवायचं असतं तर लपवलेल्या चिन्हावर क्लिक करणार कुठे?

एक उणीव राहते. दुसऱ्या फोटोवर क्लिक केल्यावर पहिला आवाज आपोआप थांबत नाही, दोन्ही एकत्र वाजतात. प्रत्येक आवाजाला 'ॲड ॲनिमेशन'मधून 'स्टॉप' देऊन तो दुसऱ्या फोटोंच्या ट्रिगरखाली ठेवता येतो, पण तीन पक्ष्यांना सहा 'स्टॉप' लागतात. त्यापेक्षा प्रत्येक आवाज आठ-दहा सेकंदांत संपेल असा कापणं शहाणपणाचं. फोटोला 'ॲक्शन'मधून 'प्ले साउंड' देण्याचा जवळचा रस्ताही आहे, मात्र तिथे फक्त डब्ल्यूएव्ही चालते आणि थांबवण्यावर ताबा राहत नाही.

मागचं संगीत टाकायचं तर आवाज निवडून 'प्ले इन बॅकग्राउंड' दाबा. त्यानं संगीत आपोआप सुरू होतं, स्लाइड बदलली तरी चालू राहतं, संपलं की पुन्हा सुरू होतं. थांबतं मात्र शेवटालाच, म्हणजे पक्ष्यांच्या आवाजांवरही सतार चालूच. 'ॲनिमेशन पेन'मध्ये त्या आवाजावर उजवी क्लिक करून 'इफेक्ट ऑप्शन्स' उघडा. 'स्टॉप प्लेइंग'खाली 'आफ्टर ९९९ स्लाइड्स' दिसेल. ९९९च्या जागी जितक्या स्लाइडांना संगीत हवं तितका आकडा घाला. वक्ता बोलत असताना मागे संगीत ठेवूच नका. मागच्या बाकांवर शब्द पोचत नाहीत.

यूट्यूब आणि गूगल स्लाइड्स

'ऑनलाइन व्हिडिओज'मधून यूट्यूबचा पत्ता चिकटवता येतो, पण तो व्हिडिओ पीपीटीत नसतो, इंटरनेटवर असतो. नेट नसेल किंवा संस्थेच्या वायफायवर यूट्यूब बंद असेल तर पाटी कोरी. शिवाय पॉवरपॉइंटचं ट्रिम आणि फेड (हळूहळू सुरू-बंद करणं) त्याला लागू होत नाही.

गूगल स्लाइड्समध्ये आवाज थेट संगणकावरून टाकता येत नाही. एमपी३ किंवा डब्ल्यूएव्ही आधी ड्राइव्हवर चढवावी लागते, मग 'इन्सर्ट', 'ऑडिओ'. नेहमीची चूक अशी: सादरीकरण सहकाऱ्याला शेअर केलं जातं, ड्राइव्हवरची आवाजाची फाइल तशीच खासगी राहते आणि त्याच्याकडे आवाज वाजत नाही. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डरच शेअर करा. इथे यूट्यूबच्या व्हिडिओला 'फॉरमॅट ऑप्शन्स'मध्ये सुरुवात आणि शेवटाची वेळ देता येते, ही सोय मात्र उत्तम आहे.

सभागृहात

पीपीटी आधी त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर उतरवा. पेनड्राइव्हवरून थेट चालवली तर जड व्हिडिओ अडखळतो, आणि मध्येच कुणी पेनड्राइव्ह काढला तर संपलंच.

एचडीएमआयच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे वायर जोडताच विंडोज बऱ्याचदा आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल किंवा तो छताला टांगलेला असेल, तर सभागृहाचे मोठे स्पीकर मुके राहतात. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट पुन्हा लॅपटॉपकडे घ्या आणि ३.५ मिमीच्या वायरीनं ॲम्प्लिफायरला जोडा. व्हीजीएची निळी वायर असेल तर तिच्यातून आवाज जातच नाही, वेगळी वायर लागतेच. माइक लॅपटॉपच्या स्पीकरसमोर धरण्याची युक्ती शेवटचा पर्याय म्हणून ठेवा.

ऑनलाइन वर्ग असेल तर झूमवर स्क्रीन शेअर करतानाच 'शेअर साउंड'वर खूण करायची. ती राहिली तर तुम्हाला आवाज येतो आणि मुलांना नाही, त्यामुळे कुणी सांगेपर्यंत तुम्हाला कळतही नाही. गूगल मीटवर ब्राउझरची टॅब शेअर करा आणि टॅबच्या आवाजाची परवानगी चालू ठेवा.

सादरीकरण चालू असताना ऑल्ट+पी नं मीडिया थांबतो-सुरू होतो, ऑल्ट+क्यू नं बंद होतो, ऑल्ट+यू नं मुका होतो.

आणि स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर फाइलीत शोधत बसू नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घुंघुं थांबली तर दोष अर्थिंगचा: लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा, नाहीतर तेवढा वेळ बॅटरीवर चालवा.