टेस्ट डेटाबेस कंटेनरमध्ये चालवताना

प्रॉडक्शनला (खऱ्या वापरात) पोस्टग्रेस आणि टेस्टला एसक्यूलाइट, असे दोन वेगळे डेटाबेस वापरू नका. साध्या टेबलमध्ये पूर्णांकाच्या कॉलममध्ये अक्षरं घातली तरी एसक्यूलाइट ती मुकाट्याने ठेवून घेतं; पोस्टग्रेस तिथेच एरर देतं. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या, बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं साधन) हाताशी असताना खरा डेटाबेसच वापरा.

इमेजला (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याला) ‘लेटेस्ट’ टॅग नको. प्रॉडक्शनला पोस्टग्रेसची आवृत्ती १६ असेल तर इथेही १६. पासवर्डचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं नाही, तर नवा कंटेनर सुरू होताच बंद पडतो. मशीनवर आधीच पोस्टग्रेस असलं तर त्याचा नेहमीचा पोर्ट ५४३२ अडलेला असतो, म्हणून बाहेरचा पोर्ट ५४३३, आतला ५४३२. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) लिहा, नाहीतर डॉकर तो सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर उघडतो. ॲपही कंपोजमध्येच (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकरच्या साधनात) चालत असेल, तर होस्ट म्हणून सर्व्हिसचं नाव आणि पोर्ट ५४३२ द्या. तिथे ‘लोकलहोस्ट’ म्हणजे ॲपचा स्वतःचाच कंटेनर.

नवशिके सगळ्यात जास्त अडकतात ते ‘डेटाबेस तयार झाला का’ या प्रश्नात. पहिल्यांदा सुरू होताना आधी एक तात्पुरता सर्व्हर उठतो, फक्त युनिक्स सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कवरून त्याला जोडता येत नाही. इनिट स्क्रिप्ट (सुरुवातीची टेबलं वगैरे तयार करणाऱ्या) संपल्या की तो बंद होतो आणि मग खरा सर्व्हर येतो. लॉगमध्ये ‘तयार’ची ओळ दोनदा दिसते ती म्हणूनच. हेल्थचेकमध्ये (डेटाबेस तयार आहे का, या डॉकरच्या तपासणीत) होस्ट दिला नाही तर तपासणी सॉकेटवर होते, तात्पुरत्या सर्व्हरलाच ‘हेल्दी’चा शिक्का मिळतो आणि पहिल्या काही टेस्ट कनेक्शन न मिळाल्याने पडतात. होस्ट १२७.०.०.१ द्या आणि ॲपला हेल्दी होईपर्यंत थांबवा. दहा सेकंदांचा स्लीप टाकून हे सुटत नाही. मशीनवर ताण आला की तो अपुरा पडतो.

इनिट स्क्रिप्ट बदलली तरी टेबल जुनंच दिसतं? डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तेव्हाच त्या स्क्रिप्ट चालतात. कंपोजच्या ‘डाउन’ला (कंटेनर बंद करून काढणाऱ्या आज्ञेला) व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायची जागा, काढण्याचा पर्याय जोडा. त्याने आतला सगळा डेटा जातो, तेव्हा कामाचा डेटा या कंटेनरमध्ये कधीच ठेवू नका.

वेगासाठी डेटा डिरेक्टरी टीएमपीएफएसवर (डिस्कऐवजी मेमरीत) ठेवा. इमेजच्या १८ व्या आवृत्तीपासून तिचा मार्ग बदलला आहे, तेवढं पाहून घ्या. डिस्कवरच ठेवणार असाल तर एफसिंक (बदल डिस्कवर पक्के लिहिले जाईपर्यंत थांबणं) बंद करा. वीज गेली तर टेस्टचा डेटा गेल्याने काही बिघडत नाही.

प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक करणं (शेवटी सगळे बदल मागे घेणं) स्वस्त आणि स्वच्छ. सीक्वेन्स (आयडीसाठी पुढचा आकडा देणारा मोजक) मात्र रोलबॅकने मागे येत नाही, म्हणून ‘पहिल्या नोंदीचा आयडी १’ असं टेस्टमध्ये गृहीत धरू नका.