अँडीजमधलं आर्किऑलॉजी शिकायचंय? मग आधी हे वाचा

दरवर्षी ॲडमिशनचा सीझन आला की मला ओळखीच्यांच्या ओळखीतून मुलामुलींचे मेल येतात, आणि जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं, मला माचू पिचूवर, म्हणजे पेरूमधल्या डोंगरावरच्या इन्कांच्या त्या जुन्या वस्तीवर, काम करायचंय, सुरुवात कुठून करू. मीही तिथूनच सुरुवात केली होती त्यामुळे ती ओढ मला कळते. पण आता आठ वर्षं या विषयात काढल्यावर, त्यातले पाच सीझन कुस्कोच्या, म्हणजे इन्कांच्या जुन्या राजधानीच्या, आसपासच्या डोंगरात खापरं धुण्यात घालवल्यावर, काही गोष्टी मला तेव्हाच कुणीतरी सांगायला हव्या होत्या असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, इन्का म्हणजे या सगळ्या कहाणीचं शेवटचं पान आहे. तावान्तिनसुयु, म्हणजे त्यांचं चार भागांचं राज्य, ते खऱ्या अर्थाने साम्राज्य म्हणून जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं टिकलं. 16 नोव्हेंबर 1532 ला काहामार्का गावात स्पॅनिश सेनानी पिझारोने इन्का राजा अताहुआल्पाला पकडलं आणि 1572 ला विल्काबांबा या इन्कांच्या शेवटच्या आश्रयाच्या जागेतला प्रतिकारही संपला. त्याच्या मागे काय काय आहे बघा. उत्तरेकडे 3,180 मीटरवर चाविन दे उआन्तार हे देवस्थान आहे, ख्रिस्तपूर्व काळातलं, आत दगडी बोळांचं जाळं आणि एका बोळात उभा असलेला तो लान्सोन नावाचा कोरीव खांब. मग टिटिकाका तलावाजवळ 3,850 मीटरवर तिवानाकू, आयाकुचोजवळ वारी, ही दोन्ही राज्यं साधारण इसवी सन 600 ते 1000 च्या दरम्यान जोरात होती. वारी लोकांनी कुस्कोपासून 30 किलोमीटरवर पिकियाक्ता नावाचं आखीवरेखीव, सगळ्या भिंती काटकोनात असलेलं प्रचंड ठाणं बांधलं, इन्कांचं नावसुद्धा नव्हतं तेव्हा. म्हणजे रस्ते, कोठारं, डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेती, दोऱ्यांच्या गाठींत हिशोब ठेवणं, यातलं बरंचसं इन्कांच्या आधीपासूनचं होतं, त्यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर वापरलं. हे डोक्यात बसलं की माचू पिचूचा हट्ट आपोआप सुटतो, आणि तो सुटलेला बरा, कारण तिथे नवख्या विद्यार्थ्याला खोदायला काहीच मिळत नाही, खरं काम आजूबाजूच्या शेकडो साध्या गावठाणांवर आहे.

आता माझं सांगते. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, बीए इतिहास, मग पुण्यात डेक्कन कॉलेजमधून आर्किऑलॉजी एमए. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातली खापरं हाताळून हात तयार झाला होता, थर कसे वाचायचे, पांढरीच्या टेकाडाचा सेक्शन कसा काढायचा, हे सगळं येत होतं. त्या जोरावर मी पीएचडीसाठी पाच ठिकाणी अर्ज केले आणि पाचही ठिकाणाहून नकार आला. एका प्राध्यापकांनी मात्र कळवळून लिहिलं, की तुझं खोदकाम चांगलं आहे पण तू पेरूमधला एकही रिपोर्ट वाचू शकत नाहीस, मग तू काम कशावर करणार. मला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. ते वाचून दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी क्लास लावला.

म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला हाच, ट्रॉवेलच्या, म्हणजे खोदायच्या थापीच्या, आधी भाषा. पेरूमध्ये प्रत्येक उत्खननाचा रिपोर्ट संस्कृती मंत्रालयात जमा करावा लागतो, त्याला इन्फोर्मे म्हणतात, आणि त्यातले बहुतेक कुठेच छापले जात नाहीत. इंग्रजीत जे पेपर येतात ती फक्त वरची साय. शिवाय पेरूच्या आर्किऑलॉजीचे जनक मानले जातात ते हुलियो सेसार तेयो, स्वतः केचुआ, म्हणजे इन्कांची आणि आजही अँडीजमध्ये बोलली जाणारी भाषा, बोलणाऱ्या घरातले, त्यांच्यापासून आजपर्यंतची मोठी परंपरा स्पॅनिशमध्येच लिहिते. 16 व्या शतकातल्या बखरकारांचंही तेच. सिएसा दे लिओन हा सैनिक म्हणून आला आणि वाटेत दिसेल ते लिहून ठेवत गेला. हुआन दे बेतान्सोस, ज्याने इन्का राजघराण्यातल्या बाईशी लग्न केलं होतं. आणि ग्वामान पोमा, तिथलाच अँडीजमधला माणूस, ज्याने 1615 च्या सुमारास स्पेनच्या राजाला शेकडो चित्रांसकट लांबलचक पत्र लिहिलं, ते आज कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत आहे आणि सगळंच्या सगळं ऑनलाइन फुकट बघता येतं. आपण जशी मराठ्यांची बखर वाचताना कुणी लिहिली, कुणाच्या सांगण्यावरून, किती वर्षांनी, हे विचारतो ना, तसंच इथेही विचारायचं. एक उदाहरण देते. पाचाकुती हा इन्का राजा, ज्याने माचू पिचू बांधलं असं मानतात, 1438 ला गादीवर आला हे सगळीकडे छापलेलं असतं. तो आकडा जॉन रो या अभ्यासकांनी 1945 ला एका जुन्या बखरीवरून धरला. 2021 ला रिचर्ड बर्गर आणि सहकाऱ्यांनी माचू पिचूच्या कबरींमधल्या हाडांची रेडिओकार्बन डेटिंग केली तर तिथे साधारण 1420 पासूनच माणसं राहत होती असं निघालं, म्हणजे बखरीची सनावळी मागे सरकवावी लागते. ब्रायन बाउअर आणि ॲलन कोवी यांच्यासारख्या लोकांनी कुस्कोच्या आसपासचे डोंगर पायी तुडवून केलेल्या सर्व्हेतूनही हेच दिसतं, की इन्का राज्य एका राजाच्या पराक्रमाने एका रात्रीत उभं राहिलं नाही, ते आधीची दोन-तीनशे वर्षं हळूहळू तयार होत होतं.

स्पॅनिश बी-टू लेव्हलपर्यंत, म्हणजे अडखळता बोलता येईल इतकी, न्या, त्याच्या खाली असाल तर खड्ड्यात उभं राहून कामगारांशी बोलताना अडता. पुण्या-मुंबईत क्लास भरपूर आहेत, दिल्लीत इन्स्तितुतो सेर्वान्तेस आहे.

आणि मग केचुआ. याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण हे कुणी सांगत नाही. मराठी माणसाला केचुआ शिकणं अमेरिकन किंवा स्पॅनिश माणसापेक्षा सोपं जातं, खरंच. क्रियापद शेवटी येतं, आणि प्रत्यय शब्दाला मागून चिकटतात. वासि म्हणजे घर, वासिपि घरात, वासिमान घराकडे, वासिमान्ता घरातून. आपण आणि आम्ही हा फरक, ज्यासाठी इंग्रजी मुलांना अर्धा तास समजावावं लागतं, तो केचुआत जसाच्या तसा आहे, ञोकांचिस म्हणजे आपण, ञोकायकु म्हणजे आम्ही. कुस्कोच्या केचुआत त आणि थ वेगळे आहेत, प आणि फ वेगळे आहेत, वर्गातल्या बाकीच्यांना ते ऐकूच येत नव्हते आणि मला बालवाडीपासून येत होते. (तिसरा एक घशातून झटका देऊन काढायचा आवाज आहे, त्याला मात्र मलाही सहा महिने लागले. थान्ता म्हणजे जुनं फाटकं, आणि तोच शब्द झटक्याने म्हटला की पाव.) आणि सगळ्यात सुंदर म्हणजे त्यांच्याकडे -सि असा एक प्रत्यय आहे, तो लावला की अर्थ होतो, मी स्वतः पाहिलं नाही, ऐकलंय. आपलं म्हणे. स्वतः पाहिलेलं असेल तर -मि. गावातली म्हातारी माणसं डोंगरावरच्या पडक्या भिंतींबद्दल सांगतात तेव्हा हे दोन प्रत्यय ऐकू आले नाहीत तर तुम्ही दंतकथा आणि आजोबांनी स्वतः बघितलेलं एकाच वहीत एकाच ओळीत लिहून ठेवता. माझ्या पहिल्या सीझनच्या नोंदी अशाच निरुपयोगी झाल्या.

फील्डबद्दल. काम जून ते ऑगस्टमध्ये असतं, तिथला तो कोरडा हिवाळा. कुस्को 3,400 मीटरवर आहे, आमची साइट त्याहून उंच होती. मी लिमाहून, म्हणजे समुद्रकाठावरून, विमानाने थेट वर गेले आणि दुसऱ्याच दिवशी साइटवर निघाले, कारण मागे पडायचं नव्हतं. रात्री ओकाऱ्या, डोकं फुटेल असं दुखणं, शेवटी खाली आणावं लागलं. याला तिथे सोरोचे म्हणतात. निदान तीन-चार दिवस नुसतं बसा, हळू चाला, कोकाच्या पानांचा चहा प्या, आणि दम लागला तर सांगा, यात कमीपणा काही नाही. दुपारी ऊन चामडी सोलतं आणि पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फ असतो. याच पहाटेच्या थंडीवर तिथले लोक बटाटे गोठवून, तुडवून, वाळवून चुञो करतात जो वर्षानुवर्षं टिकतो, आणि इन्कांच्या कोठारांमध्ये हाच माल भरलेला असायचा. उआनुको पाम्पा या इन्कांच्या प्रशासकीय गावाला अशी जवळजवळ 500 कोठारं डोंगरावर रांगेत उभी आहेत.

खोदायला सुरुवात करायच्या आधी जमिनीला, पाचामामाला, कोकाची पानं आणि चिचा म्हणजे मक्याची दारू वाहतात. गावातला जाणकार माणूस ते करतो. तिथे मागे उभं राहून मोबाईलवर शूटिंग करू नका. आपल्याकडे नांगर घालायच्या आधी नारळ फोडतात तेव्हा जसे उभे राहतो तसे उभे राहा.

कायद्याचं पण माहीत असू द्या. परदेशी माणसाला एकट्याने पेरूमध्ये उत्खनन करता येत नाही, सोबत नोंदणी असलेले पेरूचे आर्किऑलॉजिस्ट डायरेक्टर म्हणून लागतात, परवानगी मंत्रालयाची लागते, आणि हाडाचा एक तुकडासुद्धा टेस्टिंगसाठी बाहेर न्यायचा तर वेगळा सरकारी आदेश काढावा लागतो. त्याला महिने लागतात, प्लॅनिंग त्या हिशोबाने करा. हे नियम जाचक वाटतात पण का आहेत ते समजून घ्या, हायराम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने 1911 नंतर माचू पिचूवरून येल युनिव्हर्सिटीला नेलेल्या वस्तू परत यायला शंभर वर्षं लागली, 2011 ते 2012 मध्ये त्या परत आल्या आणि आता कुस्कोत कासा कोन्चा म्युझियममध्ये बघायला मिळतात.

मला तिथे कधी परकं वाटलं नाही याचं एक कारण म्हणजे शेतीची भाषा. आयनी म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, अगदी आपली सावड. मिन्का म्हणजे गावाला बोलवायचं, काम करून घ्यायचं आणि पोटभर जेवू-पिऊ घालायचं, म्हणजे इर्जिक. माझ्या वडिलांनी इर्जिकीच्या जेवणाचं वर्णन इतक्यांदा केलंय की पुस्तकात मिन्का वाचताना मला ते पानच दिसलं. इन्का राज्याने हीच पद्धत वर नेली, लोक पाळीपाळीने राज्याचं काम करायचे, त्याला मिता म्हणायचे, आणि राजाने बदल्यात मेजवानी द्यायची. म्हणून त्या काळच्या प्रशासकीय गावांच्या चौकात चिचाच्या मोठ्या रांजणांची खापरं ढिगाने सापडतात. पैसा आणि बाजार यांच्याशिवाय एवढं राज्य कसं चाललं याचं उत्तर जॉन मुर्रा या अँथ्रोपॉलॉजिस्टनी इथूनच शोधलं, त्यांचं वाचाच. पुढे स्पॅनिशांनी तीच मिता आताच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी सक्तीची केली आणि ती माणसं मारणारी गोष्ट झाली.

घरी गेलं की मला हमखास विचारतात, ते दगड एलियननी बसवले ना. कुस्कोच्या वरच्या साक्सायवामानच्या भिंतींचे प्रचंड दगड बघितल्यावर प्रश्न पडणं साहजिक आहे. पण ज्याँ-पियेर प्रोत्सेन नावाच्या आर्किटेक्टने 1980 च्या दशकात इन्कांच्या खाणींमध्ये जाऊन तिथेच पडलेले नदीचे गोटे, म्हणजे हातोडे म्हणून वापरलेले कठीण दगड, शोधले आणि स्वतः त्यांनी दगड घडवून दाखवला. ओयान्तायतांबो या इन्कांच्या साइटला खाणीतून निघालेले पण वाटेतच राहिलेले दगड अजून पडलेले आहेत. ज्यांनी हेमाडपंती देऊळ चुन्याशिवाय उभं राहिलेलं बघितलंय त्यांनी तरी पाथरवटाच्या हातावर विश्वास ठेवावा असं मला मनापासून वाटतं, कारण एलियन म्हणणं म्हणजे तिथल्या आजच्या केचुआ माणसांच्या पूर्वजांचं काम त्यांच्याकडून काढून घेणं आहे.

स्पेशलायझेशन लवकर ठरवा. खापरं, हाडं, वनस्पतींचे अवशेष, कापड, काहीतरी एक हातात पाहिजे. रेडिओकार्बन वापरणार असाल तर एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, अँडीजसाठी दक्षिण गोलार्धाचा कॅलिब्रेशन कर्व्ह, म्हणजे रेडिओकार्बनच्या आकड्यावरून खरं वर्ष काढायचा तक्ता, लागतो, सध्याचा एसएचकॅल 20, आपल्याकडे शिकवलेला उत्तरेचा लावला तर तारखा काही दशकांनी चुकतात, आणि इन्कांच्या बाबतीत काही दशकं म्हणजे एक आख्खा राजा. कॉम्प्युटरवाल्यांसाठी किपू, म्हणजे त्या गाठींच्या हिशोबाच्या दोऱ्या, आहेत. 2018 ला गॅरी अर्टन यांच्यासोबत मॅनी मेद्रानो याने सान्ता खोऱ्यातले सहा किपू 1670 च्या एका वसुलीच्या नोंदीशी जुळवून दाखवले, आणि ते काम सुरू केलं तेव्हा तो पदवीला शिकत होता.

पैशांचं थोडक्यात. अमेरिकेत हा विषय अँथ्रोपॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये असतो, पीएचडीला फी माफी आणि स्टायपेंड मिळतो, त्यामुळे कर्ज काढून तिथे एमए करू नका. वेन्नर-ग्रेन फाउंडेशनची फील्डवर्क ग्रँट कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला मिळू शकते. लिमाची कॅथलिक युनिव्हर्सिटी आणि सान मार्कोस हे पर्यायही बघा, तिथे शिकलेल्यांना जी ओळख आणि जी जमिनीची माहिती असते ती बाहेरून येऊन मिळत नाही. पैसे भरून जायच्या फील्ड स्कूल महाग पडतात, त्यापेक्षा एखाद्या पीएचडी करणाऱ्याला स्पॅनिशमध्ये मेल लिहा, मी तुमची खापरं धुवायला आणि नंबर टाकायला येते म्हणा. माझं असंच झालं. तेव्हा मी एका पिशवीवर चुकीच्या थराचा नंबर टाकला होता, ते तीन आठवड्यांनी कळलं आणि सगळी पिशवी बाद करावी लागली, 212 खापरं. त्यानंतर रोज संध्याकाळी जेवणाआधी सगळी लेबलं मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने वहीशी ताडून बघायची अशी पद्धत पडली, आमच्या टीममध्ये ती अजून चालू आहे, आता वाचणारी मुलं केचुआत आकडे वाचतात.