टँपा बेमध्ये परत हरिकेन येतंय? कॅटेगरी नंतर बघा, आधी झोन बघा

फ्लोरिडात टँपा, सेंट पीटर्सबर्ग, क्लिअरवॉटर या पट्ट्यात राहत असाल तर आजच काउंटीच्या साइटवर आपला पत्ता टाकून इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे वादळात घर सोडून निघायचा आपला भाग कुठला, ते बघून घ्या. ए सगळ्यात आधी रिकामा करतात, मग बी, सी असं ई पर्यंत. इन्शुरन्सवाला फ्लड झोन वेगळा असतो, त्यात गल्लत करू नका प्लीज.

लोक हरिकेनच्या १ ते ५ कॅटेगरीवरच अडकून बसतात पण ती फक्त वाऱ्याची, पाणी किती चढणार हे तिच्यातून कळत नाही. २०२४ ला हेलीन हे हरिकेन शंभरेक मैल लांबून समुद्रातूनच वर गेलं, जमिनीवर आलं ते पार उत्तरेकडच्या बिग बेंड किनाऱ्याला, तरी इकडे लोकांच्या घरात समुद्र शिरला. म्हणून झोनला ऑर्डर आली की निघायचंच, आणि त्यासाठी शेजारच्या जॉर्जिया राज्यापर्यंत गाडी हाणायची गरज नसते, झोनच्या बाहेर पक्कं घर असलेलं कुणी ओळखीचं असेल तर काही मैलांत काम होतं. फक्त पेट्रोल आधीच भरून ठेवा, हेलीनच्या मागोमाग आलेल्या मिल्टन हरिकेनच्या वेळी कितीतरी पंप कोरडे पडले होते.

मिल्टन ९ ऑक्टोबरला आलं, हेलीनला दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, भिजलेले सोफे, गाद्या, ड्रायवॉल अजून रस्त्याकडेला तसेच. अशा वेळी आधीच्या नुकसानीचे फोटो, व्हिडिओ दुसरं वादळ यायच्या आत काढाच, नाहीतर कुठलं नुकसान कधीचं हे क्लेममध्ये सिद्ध करताना जीव जातो. ढिगातले पत्रे, फळ्या वाऱ्याने उडतात, त्यामुळे जेवढं उचललं जाईल तेवढं उचला, निदान गटाराची जाळी तरी मोकळी करा.

पाणी माणशी रोज एक गॅलन. औषधं, कागदपत्रं, चार्जर एकाच बॅगेत.

जनरेटर गॅरेजमध्ये अजिबात नको, दार उघडं ठेवूनही नको, घरापासून किमान २० फूट लांब, कारण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास येत नाही आणि झोपेत माणूस जातो, दर वादळानंतर अशा बातम्या येतात आणि फार वाईट वाटतं. इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर चार्जिंगला लावू नका, घरापासून लांब उभी करा, नंतर कधीही पेट घेऊ शकते.

आणि २०२२ च्या इयान हरिकेनच्या वेळी झालं तसं बेमधलं पाणी अचानक ओसरलं तर बघायला खाली उतरू नका, वारा फिरला की ते परत येतं.