करडईच्या बोंडातली माशी आधी ओळखा, सापळ्याचं नंतर

खानदेशात सलग करडई आता कमीच दिसते. पण हरभऱ्याच्या किंवा दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडेने, गुरं अडवायला म्हणून लावलेली तासं, म्हणजे ओळी, बऱ्याच वावरांत असतात. डिसेंबर-जानेवारीत ती कळी-बोंडावर येते आणि दरवर्षीचा प्रश्न निघतो: कारल्याच्या मांडवातले फळमाशीचे सापळे इथे टांगले तर चालतील का?

नाही चालणार. सापळ्यात माशी ओढायला गंधाचं आमिष असतं: क्यू ल्यूरकडे वेलवर्गातल्या फळमाशीचे नर येतात, मिथाइल युजेनॉलकडे आंबा-पेरूच्या माशीचे. करडईची माशी, अ‍ॅकॅन्थिओफिलस हेलिअँथी, त्याच कुळातली असली तरी या दोन्हींकडे फिरकत नाही. सापळा रिकामा राहिला म्हणून ‘आपल्याकडे माशी नाही’ असं समजणं जास्त महागात पडतं.

ओळख बोंडापासून सुरू करा. कळी मलूल, तपकिरी झालेली आणि दाबल्यावर घाण वासाचं चिकट पाणी येत असेल तर ती उभी चिरा. आत बिनपायाची, पांढुरकी, डोकं वेगळं न दिसणारी अळी सापडली तर ती माशीची. बोंडाला बाहेरून मोठं भोक, जवळ विष्ठा आणि आत पाय असलेली हिरवट अळी असेल तर ती हरभऱ्यावरून आलेली घाटे अळी. या दोघींत गल्लत झाली की फवारणीचा पैसा वाया जातो.

माशीची खात्री करायची तर किडलेली पाच-दहा बोंडं काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. कोष बोंडातच होतो, त्यामुळे माती लागत नाही. आठ-दहा दिवसांत माश्या निघतात. थंडी कडक असेल तर थोडा धीर धरा. मग मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पंख पाहा. करडईची माशी घरमाशीपेक्षा लहान, अंग राखाडी, पंखांवर फिकट करड्या-तपकिरी डागांची विस्कळीत नक्षी. वेलवर्गातली माशी तांबूस-तपकिरी, पाठीवर पिवळे पट्टे, पंखाच्या पुढच्या कडेला ठळक तपकिरी पट्टा. मादीच्या पोटाला मागे टोक दिसतं ते अंडी घालण्याचं. त्याला डंख समजून घाबरू नका.

बांधावरच्या उटकटाऱ्याची बोंडंही वेगळ्या बरणीत ठेवून बघा. पण त्यातून निघालेली माशी करडईचीच, असं धरून चालू नका. काटेरी बोंडांवर वाढणाऱ्या या कुळातल्या जाती बऱ्याच आहेत आणि काहींचे पंख फसवण्याइतके सारखे दिसतात. युरोपातल्या अशाच एका माशीच्या पंखावर तर इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखा काळा पट्टा असतो, आणि काटेरी तणाच्या खोडावर गाठी आणते म्हणून तिला उत्तर अमेरिकेत मुद्दाम सोडलं आहे. पिवळा धोत्रा मात्र तपासत बसू नका. काटे असले तरी तो अफूच्या कुळातला, करडईच्या नाही.

शंका राहिलीच तर चार-पाच माश्या स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका, पिकाचं नाव आणि तारीख पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून तीही आत सोडा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. चुरगळलेल्या माशीवरून कोणीच नाव सांगू शकत नाही.

किडलेली बोंडं खुडून उकिरड्यावर टाकू नका, माशी तिथूनही बाहेर पडते. जाळा किंवा खोल पुरा. फूल उघडल्यावर फवारा टाळा, त्या वेळी करडईवर मधमाश्या असतात. औषध घ्यायचंच ठरलं तर करडईवर शिफारस असलेलंच, तेही कळी अवस्थेत आणि लेबल वाचून.