स्ट्रासबर्गच्या कोर्टात जाताय? या चुका टाळा

कुलभूषण जाधव खटल्यापासून ‘आंतरराष्ट्रीय कोर्ट’ म्हटलं की आपल्याला हेगच आठवतं. पण तिथे सामना भारत विरुद्ध पाकिस्तान असा होता. जाधव कुटुंबाला स्वतःहून त्या कोर्टाची पायरी चढता आली नसती. एकट्या माणसाने सरकारला थेट कोर्टात खेचायचं, तर त्यासाठी युरोपात वेगळी जागा आहे: स्ट्रासबर्गचं युरोपियन मानवी हक्क न्यायालय, १९५९ पासूनचं. हे युरोपियन युनियनचं कोर्टही नव्हे, ते लक्झेंबर्गला. स्ट्रासबर्गचं कोर्ट कौन्सिल ऑफ युरोप या वेगळ्या संघटनेच्या ४६ देशांचं, म्हणून ब्रेक्झिटनंतरही ब्रिटन त्यात आहेच.

हे कोर्ट ज्या युरोपियन मानवी हक्क करारावर चालतं, त्यात भारत नाही, त्यामुळे पुण्यात बसून भारत सरकारविरुद्ध तिथे अर्ज करणं फुकट. मात्र ‘आपण भारतीय, आपलं तिथे काय काम’ हाही गैरसमजच. कोर्ट पासपोर्ट बघत नाही. करमजितसिंग चहल भारतीय नागरिक होते आणि ब्रिटन त्यांना भारतात परत धाडणार होतं. १९९६ मध्ये कोर्टाने ब्रिटनला बजावलं, की छळाचा खरा धोका असेल तर राष्ट्रीय सुरक्षेचं कारणही चालणार नाही. म्युनिक किंवा डब्लिनमधल्या मराठी माणसालाही हा रस्ता खुला आहे. फक्त तक्रार तिथल्या सरकारविरुद्ध हवी, घरमालक किंवा कंपनीविरुद्ध नको.

खरी गंमत पुढे आहे. बहुतेक अर्ज अन्याय झाला की नाही इथवर पोचतच नाहीत. दारातूनच परत जातात.

आधी त्या देशातली कोर्टं शेवटपर्यंत लढवावी लागतात, आणि आता स्ट्रासबर्गला मांडायचा मुद्दा तिथेही मांडलेला असावा लागतो. शेवटच्या निकालानंतर चार महिने मिळतात. पूर्वी सहा होते. १ फेब्रुवारी २०२२ पासून चार झाले, तरी जुनी माहिती वाचून निवांत बसणारे आहेतच. निकाल १५ जानेवारीला हाती आला, तर मुदत १५ मेच्या मध्यरात्री संपते. त्या दिवशी रविवार असला तरी सोमवार मिळत नाही! पोस्टाच्या शिक्क्याची तारीख धरतात. ईमेलने पाठवलेला अर्ज चालत नाही.

अर्ज कोर्टाच्याच छापील नमुन्यावर, मूळ सहीनिशी हवा. एक रकाना रिकामा राहिला किंवा निकालाची प्रत जोडायची राहिली, तर अर्ज परत येऊ शकतो, आणि तोवर मुदतीचं घड्याळ थांबत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. जास्तीचा मजकूर २० पानांत बसवा, कागदांना पिना मारू नका, मूळ कागद पाठवू नका. मराठीत लिहिलेलं चालणार नाही. सदस्य देशांपैकी एखाद्याची अधिकृत भाषा हवी. फी नाही, सुरुवातीला वकीलही सक्तीचा नाही. पण माझं मत विचाराल तर मुदत मोजायला तरी वकील गाठा.

‘खालच्या कोर्टाने पुरावा चुकीचा वाचला’ एवढंच म्हणणं असेल, तर पोस्टाचा खर्च वाचवा. स्ट्रासबर्ग हे काही आणखी एक अपील कोर्ट नव्हे. ते तिथला निकाल रद्द करत नाही. हक्कभंग झाला का ते ठरवतं, फार तर भरपाई देतं.

आणि उद्याच देशाबाहेर काढणार असतील, जिवाला धोका असेल, तर नेहमीच्या पोस्टावर विसंबू नका. ‘नियम ३९’ खाली तातडीची स्थगिती मागता येते. त्याची ऑनलाइन सोय वेगळी आहे.